रेघेवर रेघ

‘चपला बाहेर काढा’ हे वाक्य मी आयुष्यात देवळांच्या दारांत जितके ऐकले, त्याहून अधिक एका संगणकाच्या खोलीच्या दारात ऐकले. ते म्हणणारे गृहस्थ देव मानीत नसत. गाणगापुरास मी पौर्णिमेला जातो. गर्दी फार झाली की तेथील पुजारीही एखाद्याच्या पायांकडे दुर्लक्ष करतात. आमच्या अण्णांनी ते कधीही केले नाही. प्राचार्य आले तरी, विद्यापीठाची तपासणी समिती आली तरी, अण्णा दारात आडवे उभे राहत आणि म्हणत, ‘‘चपला बाहेर काढा. पाय झाडा. मग बोला, कामून आलाव?’’

कारण विचारले तर ते उत्तरेकडे बोट दाखवीत. तिकडे गुलबर्ग्याच्या तूरडाळीच्या गिरण्या होत्या. त्यांच्या भुशाची बारीक पिवळी धूळ साऱ्या शहरावर उतरे आणि ती आपल्या यंत्रांच्याच शोधात निघालेली आहे, अशी अण्णांची खात्री होती.

त्यांचे नाव मी लिहीत नाही. सारे महाविद्यालय त्यांना अण्णा म्हणे, तेवढे पुरे आहे. ते मूळचे हुमनाबादकडचे, विषय पदार्थविज्ञान. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात महाविद्यालयात संगणक आले तेव्हा त्या खोलीचा कारभार त्यांच्याकडे आला. मी संस्कृत शिकवीत असे. माझी खोली त्यांच्या खोलीला लागून होती आणि मध्ये फक्त लाकडी फळ्यांची भिंत होती. एवढ्या एका कारणाने माझ्या सेवाकालाची अखेरची वर्षे एका वेगळ्याच तपश्चर्येत गेली.

यंत्रांना उकाडा सोसत नाही म्हणून त्या खोलीला वातानुकूलन होते. बाहेर वैशाखात डांबर वितळत असताना अण्णा राखी रंगाचा हातविणीचा स्वेटर घालून बसत. चहा मात्र खोलीत निषिद्ध. तो ओसरीवर उभ्याने, बशीत ओतून, अर्धाच प्यायचा. उरलेला अर्धा वीज जाईल तेव्हासाठी राखून ठेवायचा. वीज जाई, अण्णा बाहेर येत आणि तो गार चहा एखाद्या काढ्यासारखा घेत. त्यांचे एक वचन विद्यार्थ्यांना पाठ होते : ‘‘आधी वाच, मग टोच.’’ म्हणजे सूचना पूर्ण वाचल्याखेरीज यंत्राच्या कळेला बोट लावायचे नाही; वाचता वाचता तास संपे आणि बोट शेवटी अण्णांचेच लागे.

या वचनानेच मला त्या खोलीत ओढले. बेंगळूरच्या एका स्नेह्याने अण्णांना आलेख काढण्याची एक लायब्ररी पाठवली होती. या नावाने पुस्तकांची कपाटे डोळ्यांपुढे आणू नयेत. अक्ष आखणे, बिंदू मांडणे, बिंदूंतून रेघ नेणे, कडेला आकडे लिहिणे, अशा कामांचे तयार आदेश विद्वानांनी एकत्र करून ठेवलेले असतात, त्या संग्रहाला ते लोक लायब्ररी म्हणतात. तो यंत्रात एकदा नीट बसवला की आपण आकडे द्यावेत आणि यंत्राला जोडलेल्या लेखणीने कागदावर आलेख उमटवावा. संग्रह काळ्या लवचीक तबकड्यांवर, म्हणजे फ्लॉप्यांवर आला होता. त्या अण्णांनी घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवल्या होत्या. त्यांच्या घरी पूर्वी त्या डब्यात चकल्या राहत.

सोबत इंग्रजी सूचनांचा जाड गठ्ठा होता. अण्णा एके दिवशी तो घेऊन माझ्याकडे आले.

‘‘शास्त्री, हे वाचून दाखवायचं. मोठ्यानं.’’

‘‘अण्णा, हा माझा विषय नव्हे. यातले मला एक वाक्य उमगणार नाही.’’

‘‘म्हणून तर आलोय. उमगणारा माणूस ओळी गाळतो. तुम्ही आक्षर बी गाळत न्हाई.’’

हा माझा गौरव होता की अवमान, याचा निर्णय मी आजही करू शकलेलो नाही. मी वाचू लागलो. मी एक ओळ वाचावी, त्यांनी ती यंत्रावर करावी आणि ‘‘म्होरं’’ म्हणावे. मध्येच वीज गेली तर वीज आल्यावर पहिल्या फ्लॉपीपासून, पहिल्या ओळीपासून पुन्हा आरंभ. मी त्यांना नम्रपणे सांगितले, की पोथीच्या पारायणातही व्यत्यय आला तर थांबलो तेथून पुढे वाचतात. ते म्हणाले, ‘‘तुमचा देव समजून घेतो. ह्यो न्हाई घेत.’’

खोलीत यंत्रे तीन होती आणि तिघांचे आचार तीन. प्रत्येक यंत्राला आतून चालवणारी एक व्यवस्था असते. टेबलावरच्या नव्या यंत्राची व्यवस्था डॉस, लोखंडी कपाटाएवढ्या मोठ्या यंत्राची युनिक्स, आणि कोपऱ्यातल्या, सर्वांत आधी आलेल्या व सर्वांत अल्पबुद्धी यंत्राची सीपीएम. देव एकच, पण तीन देवळांत पूजेचे तीन प्रकार, असे मी माझ्यापुरते समजून घेतले होते. डॉसवर तो संग्रह थोड्या दिवसांत बसला. लेखणी कागदावर सरसर फिरली, प्राचार्यांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांनी यंत्र बंद केले.

‘‘एकावर चाललं म्हणजे चाललं न्हाई. तिन्हींवर बसवायचं. तिन्हींची रेघ एकावर एक बसली तरच सही करीन.’’

प्राचार्य चपला घालून निघून गेले. महाविद्यालयाने हा हेका अण्णांचा आणखी एक छंद म्हणून सोडून दिला असता. मला ते शक्य नव्हते, कारण माझी पुतणी सुमन त्याच रेघेसाठी अडली होती.

सुमन माझ्या धाकट्या बंधूंची मुलगी. त्यांची शेती भालकीजवळ. तांबड्या जांभ्या दगडाच्या त्या पठारावर विहिरींचे पाणी कसे चढते-उतरते, हा तिच्या प्रबंधाचा विषय होता. त्यासाठी तिने कित्येक वर्षे गावोगावच्या विहिरींत दोर सोडून पाणी मापले होते. प्रबंध झाला, पण बाहेरच्या परीक्षकांनी तो परत पाठवला. हाताने काढलेले आलेख विश्वासार्ह वाटत नाहीत. ते संगणकावर काढून, संगणककेंद्राच्या प्रमुखांच्या सहीने जोडावेत, असा त्यांचा शेरा होता. गुलबर्ग्यात ती सोय अण्णांच्याच खोलीत होती आणि सहीही त्यांचीच. तिची मुदत एकदा वाढवून झाली होती, पुन्हा वाढणार नव्हती. बिदरच्या एका महिला महाविद्यालयाने तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती, पण प्रबंध मुदतीत दाखल झाला तरच. नाहीतर ती जागा दुसऱ्याची, आणि सुमनने भालकीस परतायचे. तेथे तिच्या विवाहाचा विषय लोकांनी केवळ प्रबंधापायी थोपवून धरला होता.

तिने आकडे दिले. अण्णांनी ते स्वतः यंत्रात भरले, कारण कळांना दुसऱ्याचे बोट लागलेले त्यांना खपत नसे. डॉसवरून तिचा आलेख निघाला. तो तिला न दाखवताच अण्णांनी गुंडाळी करून ठेवून दिला.

‘‘सर, निघालाय की आलेख. द्या ना. कामून ठेवायलाव?’’

‘‘ह्यो एकाचा झाला. अजून दोन ऱ्हायलेत.’’

‘‘मला एकच पाहिजे, सर. मी काय तीन यंत्रांशी लगीन लावायला आले का इथं?’’

‘‘घाई असली तर भिंतीवर कोळशानं काढ. माझी सही त्याला बी मिळायची न्हाई.’’

ती माझ्याकडे वळली. ‘‘काका, तुम्ही तरी सांगा की ह्यांना!’’

मी सांगण्याचा प्रयत्न केला आणि माझेच शस्त्र माझ्यावर उलटले. पूर्वी कधीतरी ओसरीवर चहा घेताना मी अण्णांना वेदपाठाची रीत सांगितली होती. एकच मंत्र आधी संहितेत म्हणतात, मग पदे सुटी करून, मग क्रमाने जोडून, मग जटेसारखी गुंफून. एका पाठात चूक शिरली तर दुसरा पाठ ती पकडतो. म्हणून लेखनावाचून तो शब्द टिकला. अण्णांनी हे सारे मनात जपून ठेवले होते.

‘‘शास्त्री, तुमच्या वाडवडलांनी एकच मंत्र चार रीतीनं घोकला. मी एक रेघ तीन रीतीनं काढायलोय. तवा तुम्ही त्यांना नमस्कार करता आणि मला घाई करायला सांगता. ह्ये कसं?’’

सुमन तडकून म्हणाली, ‘‘त्यांना विद्यापीठाची मुदत न्हवती!’’

युनिक्सच्या त्या मोठ्या यंत्राने आमचा अंत पाहिला. तेथे संग्रहाचा मूळ मजकूर यंत्राने स्वतःच्या भाषेत उतरवून घ्यावा लागे आणि त्याला दुपारभराचा अवधी लागे. गुलबर्ग्यात तेव्हा अखंड वीज दुपारभर मिळत नसे. यंत्र शेवटच्या भागाशी यावे आणि पंखे थांबावेत. अण्णा बाहेर जाऊन अर्धा चहा संपवीत, आत येत, डबा उघडत, पहिली फ्लॉपी काढीत आणि म्हणत, ‘‘वाचा.’’ त्या इंग्रजी गठ्ठ्याची पहिली पाने मला इतकी मुखोद्गत झाली, की एकदा संध्यावंदनात आचमनानंतर तीच ओठांवर आली. मी भगवंताची क्षमा मागितली आणि पुन्हा आचमन केले.

अशात आयुधपूजेचा दिवस आला. आमच्या प्रांतात त्या दिवशी नांगरापासून मोटारीपर्यंत सर्वांना हळदकुंकू लागते. अण्णांच्या खोलीत मात्र ते कधी घडले नव्हते. त्या वर्षी ते आपणहून माझ्या दारात आले. चेहरा उतरला होता.

‘‘शास्त्री, सगळं करून बघितलो. आता तुमचं बी करून बघा.’’

मला मनापासून आनंद झाला. मी स्नान करून, धूतवस्त्र नेसून गेलो. धुळीचे त्यांचे भय ठाऊक असल्याने मी हळदकुंकू यंत्राला न लावता समोरच्या पाटावर वाहिले आणि प्रत्येक यंत्रावर एकच फूल ठेवले. शिपाई खाजाचाचा आणि सुमन दारात हात जोडून उभे होते. मंत्रपुष्प म्हणताना मी अण्णांच्या हातात थोड्या अक्षता दिल्या. या गृहस्थांनी जन्मात पूजा केलेली नव्हती. अक्षता म्हणजे लग्नात टाकतात त्या, इतकेच त्यांना ठाऊक. त्यांनी ताटातल्या आणखी मूठभर उचलल्या आणि ‘तदेव लग्नं’ ऐकल्याच्या उत्साहाने तिन्ही यंत्रांवर उधळल्या.

डॉसच्या यंत्राची फ्लॉपी घालण्याची फट उघडी होती.

थोड्या वेळाने त्यांनी तिच्यात फ्लॉपी सरकवली तेव्हा आतून जात्यात खडा आल्यासारखा आवाज झाला आणि यंत्र मुके झाले. कुंकवाने माखलेला तांदूळ यंत्राच्या पोटातून काढणारा माणूस गुलबर्ग्यात नव्हता. तो हैदराबादेहून यायचा होता, केव्हा ते कोणास ठाऊक नव्हते.

खाजाचाचा माझ्या कानाशी हळूच म्हणाले, ‘‘पंडतजी, अब इन्हों के हात में अगरबत्ती भी नक्को देव.’’

त्या क्षणी मला क्रोध आला होता, हे मी नाकारीत नाही. दैवाने ज्या एका यंत्राकडून काम होऊ दिले होते, तेच या गृहस्थांनी आपल्या हातांनी, आणि तेही पूजा करून, बंद पाडले. सुमनने यंत्रांवरची फुले गोळा करून माझ्या हातात दिली आणि ती निघून गेली.

पुढे ईश्वराला दया आली म्हणा किंवा वीजखात्याला, एक दुपार अखंड मिळाली आणि युनिक्सवर संग्रह बसला. लेखणी त्या यंत्राला जोडली गेली. सुमनचा आलेख निघाला. अण्णांनी डॉसची जुनी गुंडाळी काढली, दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले आणि मला म्हणाले, ‘‘बघा, किती रेघा दिसायल्यात?’’

‘‘एक.’’

‘‘हां. दोन झाली.’’ त्यांनी दोन्ही कागद पुन्हा गुंडाळले. ‘‘आता तिसरं.’’

तिसरे यंत्र सीपीएमचे, आणि त्याची स्मरणशक्ती इतकी तोकडी की सारा संग्रह त्यात मावेना. अण्णा त्यातला एकेक आदेश कापून, बारीक करून भरू लागले. असे करता करता मुदतीचा अखेरचा दिवस उजाडला. विद्यापीठाची कचेरी संध्याकाळी बंद होणार होती. सुमन बांधलेला प्रबंध घेऊन आली. त्यात आलेखाच्या जागी कोरे पान होते. तिने चपला बाहेर काढल्या, पाय झाडले, आत येऊन अण्णांच्या टेबलावर पारदर्शक कागदाची एक गुंडाळी ठेवली.

‘‘हे घ्या तुमचं तिसरं.’’

‘‘हे काय?’’

‘‘परीक्षकांनी परत पाठवलेला माझा आलेख. तुमच्या मापानं हातानं पुन्हा काढलाय. ह्ये यंत्र भालकीचं हाय, सर. याचा करंट जात न्हाई.’’

मला वाटले, आता अण्णा तिला दाराबाहेर काढतील. परंतु तीन हा आकडा ऐकून त्यांच्यातले काहीतरी हलले असावे. त्यांनी तिन्ही कागद उचलले, खिडकीपाशी गेले आणि एकावर एक धरले. आम्ही मागे उभे राहिलो. रेघ डावीकडून उजवीकडे एकच जात होती. पावसाळ्यात चढत, हिवाळ्यात उतरत. एका ठिकाणी मात्र ती दुभंगली. यंत्रांची रेघ उंच उडाली होती, सुमनची खाली गेली होती.

अण्णा वळले. ‘‘बघ. हातानं काढलं की असं होतं. दोन यंत्रं एक सांगायलीत आणि तू येगळंच.’’

सुमन जवळ गेली. ते दोन आलेख ती आज प्रथमच पाहत होती. तिने त्या जागेवर बोट ठेवले.

‘‘ही आमच्या शेतातली विहीर, सर. हा वैशाख. तुमची यंत्रं म्हणायलीत की वैशाखात पाणी वर चढलं. त्या वैशाखात आमच्या विहिरीत घागर बुडत न्हवती. आई वाटीनं पाणी भरायची. दोर मीच सोडला होता.’’

‘‘पण दोन्ही यंत्रं...’’

‘‘दोन्हींच्या कानात तुम्हीच सांगितलंय की!’’

अण्णांनी यंत्रावर आकड्यांची ती ओळ काढून पाहिली. भरताना त्यांच्या बोटाने पाण्याच्या खोलीतला एक अंक गाळला होता, म्हणून पाणी वर आलेले दिसत होते, आणि तीच यादी त्यांनी दोन्ही यंत्रांना दिली होती. रेघेवर रेघ बसते की नाही, एवढेच त्यांनी पाहिले होते. रेघ काय सांगते आहे, इकडे त्यांचे लक्ष गेले नव्हते, आणि ज्या व्यक्तीला ते कळले असते तिला त्यांनी कागद दाखवला नव्हता.

त्यांनी स्वेटर काढला आणि खुर्चीच्या पाठीवर टाकला. त्यांना स्वेटराविना मी प्रथमच पाहत होतो. सदऱ्याची कॉलर पार विरलेली होती. मग त्यांचा हात सवयीने चकल्यांच्या डब्याकडे गेला. त्यांनी झाकण उघडले आणि पहिली फ्लॉपी काढली.

‘‘शास्त्री, वाचा. पहिल्यापासून.’’

सुमनने डोळे मिटून घेतले. पहिल्यापासून म्हणजे सारी दुपार. वीज गेली तर त्याहूनही अधिक. पहाटे उठून विहिरींत दोर सोडण्यात गेलेली तिची वर्षे त्या डब्याच्या झाकणाशी येऊन थांबली होती. मी सौम्य माणूस आहे. वर्गातही मी कधी आवाज चढवलेला नाही. त्या दिवशी चढवला.

‘‘अण्णा, वेदपाठाची अर्धी गोष्ट तेवढी तुम्ही लक्षात ठेवलीत, आता उरलेली ऐका. चूक पाठात असेल तर पाठ पुन्हा म्हणावा. चूक संहितेतच असेल तर क्रम काय आणि जटा काय, सारे मिळून तीच चूक सुस्वर म्हणतील. तेव्हा पाठ पहिल्यापासून शिकवीत नाहीत. संहिता शुद्ध करतात आणि पुढे जातात. तो एक आकडा सुधारा. संग्रह जागच्या जागी बसलेला आहे, त्याला हात लावू नका.’’

अण्णांनी फ्लॉपी डब्यात ठेवली, झाकण लावले आणि ते उठले.

‘‘ये, बाई,’’ ते सुमनला म्हणाले. ‘‘बस हितं. तू भर.’’

त्या खोलीत दुसऱ्या कोणाचे बोट कळांना लागल्याचा तो पहिला प्रसंग. सुमनने वही उघडली नाही. विहीर तिचीच होती. आकडा भरला गेला आणि लेखणी चालू लागली. चैत्रापर्यंत आली, तेव्हा दिवे एकदा लुकलुकले. खाजाचाचांनी ‘‘या मौला’’ म्हटले, मी दत्तगुरूंचे नाव घेतले. अण्णांनी काय म्हटले ते कळले नाही, पण ओठ हलले होते. दिवे टिकले. वैशाखात रेघ खाली उतरली, अगदी तळाला टेकली आणि ज्येष्ठाकडे वळली. अण्णांनी तो कागद सुमनच्या कागदावर धरला, पाहिला आणि उभ्याउभ्याच सही केली. कचेरी बंद होण्यापूर्वी प्रबंध दाखल झाला.

अण्णा यातून काही शिकले, असे मला वाटले होते. ते शिकले, पण अण्णांच्या रीतीने. दुसऱ्या दिवसापासून येणाऱ्या प्रत्येकाला दारात नवा प्रश्न विचारला जाऊ लागला : ‘‘हातानं काढलेला कुठाय?’’ आधी हाताने आलेख काढून आणायचा, मग पोटातला तांदूळ निघाला की डॉसवर, मग युनिक्सवर, मग सीपीएमवर, आणि चारी रेघा खिडकीवर एक दिसल्या तर सही. तिनाचे चार झाले. विद्यार्थी माझ्या खोलीत येऊन कपाळाला हात लावीत बसत. मी निवृत्त झालो तोपर्यंत सीपीएमवर तो संग्रह बसलेला नव्हता आणि अण्णा अद्याप त्यातला एकेक आदेश कापीत होते.

निवृत्तीनंतर मी एकदा बिदरला गेलो असता सुमनच्या महाविद्यालयात डोकावलो. तिच्याकडे आता विद्यार्थिनी होत्या, एक संगणक होता, खिडकीला चिकटवलेले आलेखांचे कागद होते. दाराशी एक मुलगी रडवेल्या चेहऱ्याने आपल्या मैत्रिणीला सांगत होती, की मॅडमनी हाताने काढलेला आलेख नाही म्हणून परत पाठवले. मी हसून आत पाऊल टाकले.

‘‘काका,’’ सुमन आतून म्हणाली, ‘‘चपला बाहेर काढा.’’

मी काढल्या. पायही झाडले.